गंज, गोळ्या आणि घरातलं माणूस

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेलं भाषण. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मागितलं म्हणून थोडं नीट करून लिहून दिलं आहे. बोलण्यातला बोलीपणा मुद्दामच काढलेला नाही.)



कट्ट्यावर आतापर्यंत गुडघे झाले, मधुमेह झाला, मोतीबिंदू झाला, प्रोस्टेटसुद्धा झालं. मनाच्या आजारावर कुणी बोललं नाही. बोलायचं ठरलं की "जरा हलकाफुलका विषय घ्या" असं होतं. आज मी तो हलकाफुलका नसलेला विषय घेतलाय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. शिक्षण बी.कॉम., नोकरी बँकेत चौतीस वर्षं. पण स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात १९८१ सालापासून राहतोय. माझा धाकटा भाऊ, ज्याला तुम्ही सगळे बाळकाका म्हणता, त्याला हा आजार आहे. त्याच्याबद्दल बोलायला त्याची परवानगी घेतली आहे. तो मागच्या रांगेत बसलाय, आणि "फार लांबवू नकोस" एवढीच त्याची अट आहे.

हाच विषय का, तर गेल्या वर्षी याच हॉलमध्ये एक 'आरोग्य व्याख्यान' झालं. वक्ते कोण, कंपनी कुठली, ते सोडून द्या. त्यांनी पडद्यावर गंजलेल्या खिळ्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं की आपल्या पेशी अशाच गंजतात, त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. इथपर्यंत ठीक होतं. पुढे म्हणाले, डोक्याच्या आजाराच्या गोळ्यांनी हा गंज वाढतो, म्हणून आमच्या कॅप्सूल सुरू करा, तीन महिन्यांत त्या गोळ्या सुटतील. डबा बेचाळीसशे रुपयांचा. नंतर चहाच्या वेळी आपल्याच दोन घरांतल्या माणसांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊसाहेब, हे खरं आहे का हो? आमच्याकडेही गोळ्या चालू आहेत." त्या दोन घरांसाठी, आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांच्यासाठी, मी हे सगळं वाचून काढलं. वेळ भरपूर आहे, पेन्शनरच आहे.

त्या गृहस्थांच्या बोलण्यात गंमत अशी होती की निम्मं खरं होतं. बँकेत असताना आम्हाला संपूर्ण खोटी कागदपत्रं पकडायला कधी त्रास झाला नाही. सातबारा खरा आणि सही खोटी, अशा फायलींनीच झोप उडवली. तेव्हा आधी खरं काय ते सांगतो.

आपण श्वास घेतो, तो प्राणवायू पेशींमध्ये अन्न जाळून शक्ती तयार करायला वापरला जातो. जळण म्हटलं की थोड्या ठिणग्या उडणारच. या ठिणग्या म्हणजे फ्री रॅडिकल्स आणि त्यांची भावंडं. त्या पेशीच्या आवरणातल्या चरबीला, प्रथिनांना, अगदी गुणसूत्रातल्या डीएनएलाही इजा करतात. शरीर काही झोपलेलं नसतं. ठिणग्या विझवायला त्याच्याकडे स्वतःची यंत्रणा आहे: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज अशा नावांची विकरं, आणि ग्लुटाथिओन नावाचा एक छोटासा रेणू. तुम्हाला समजेल असं सांगायचं तर ग्लुटाथिओन हा पेशीचा सिंकिंग फंड. रोज थोडा खर्च होतो, रोज थोडा भरला जातो. खर्च वाढला आणि भरणा तेवढाच राहिला की जी अवस्था येते तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. आपल्या बी विंगच्या गच्चीतून पाणी मुरलं आणि आतल्या सळ्या गंजून स्लॅबचा पोपडा पडला, ते सगळ्यांनी पाहिलंय. सळी एका दिवसात गंजत नाही. आणि वरून रंग दिल्याने गंज जात नाही, हेही आपण पैसे मोजून शिकलोय.

मेंदूला हा धोका जास्त. वजनाने तो शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण प्राणवायू खातो जवळजवळ वीस टक्के. शिवाय त्याच्या पेशींच्या आवरणात लवकर खवट होणारी चरबी भरपूर. शेंगदाण्याचं तेल उघडं ठेवलं की वास येतो ना, रसायनशास्त्राच्या दृष्टीने प्रकार तोच.

आता आजाराकडे. स्किझोफ्रेनिया हे नाव ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९०८ साली दिलं. मराठीत आपण छिन्नमनस्कता म्हणतो. सिनेमात दाखवतात तसं एका माणसात दोन माणसं, असं यात काही नसतं. नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री, विचारांची साखळी तुटणं, हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, आंघोळीलासुद्धा उठावंसं न वाटणं. ही दुसरी बाजू शेजाऱ्यांना आळस वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अंदाजाने जगात सुमारे दोन कोटी चाळीस लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे साधारण तीनशे माणसांमागे एक. आपल्या सोसायटीच्या चार विंग्जचा हिशोब तुम्हीच करा.

आणि या आजारात शरीराचा तो जमाखर्च बिघडलेला असतो, हे खरं आहे. या शतकाच्या सुरुवातीला, २००० साली, स्वित्झर्लंडमधल्या किम डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी तपासलं. त्यात ग्लुटाथिओन निरोगी माणसांपेक्षा २७ टक्क्यांनी कमी भरलं. मेंदूच्या पुढच्या भागाचं खास तऱ्हेचं स्कॅनिंग केलं, तिथे ते ५२ टक्क्यांनी कमी होतं. आता यातली महत्त्वाची ओळ ऐका. ते पाणी ज्या रुग्णांचं तपासलं, ते त्या वेळी औषधांवर नव्हते. अमेरिकेत जॉर्जियातल्या मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या डॉ. साहेबराव महाडिक यांच्या गटानेही, आजार नुकताच सुरू झालेल्या रुग्णांच्या रक्तात खवट चरबीची खूण वाढलेली असते, हे १९९८ साली दाखवलं होतं. म्हणजे गंज गोळ्यांच्या आधीपासून आहे. खिळ्याचं चित्र दाखवणाऱ्या गृहस्थांनी नेमकं हेच सांगितलं नाही.

मग गोळ्या काय करतात? इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण आमच्या घरातल्या चाळीस-बेचाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे या गोळ्यांचाच इतिहास आहे.

पहिलं औषध क्लोरप्रोमाझीन. डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत पॉल शार्पांतिए या रसायनतज्ज्ञाने ते बनवलं. लाबोरी नावाच्या शल्यविशारदाने ते शस्त्रक्रियेआधी रुग्णाला शांत करायला वापरलं, आणि १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन इस्पितळात डिले आणि डेनिकर या दोघांनी मनोरुग्णांना दिलं. त्याआधी साखळ्या, थंड पाण्याचे टब, इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणं हे उपाय होते. १९५८ साली बेल्जियमच्या पॉल जान्सेन यांनी हॅलोपेरिडॉल शोधलं. ही पहिल्या पिढीची औषधं. मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन निरोप पोचवतं, त्याचा दरवाजा ही औषधं अडवतात. आवाज कमी होतात, संशय ओसरतो. पण दरवाजा अडवला की मेंदू सुरुवातीला डोपामाइन आणखी सोडतो, आणि ते मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखम धुवायला वापरतो तेच. इथे ठिणग्या उडतात.

म्हणून हॅलोपेरिडॉलवर संशय होता, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत तो बऱ्यापैकी खरा ठरला. महाडिकांच्याच गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, काही आठवडे हॅलोपेरिडॉल दिलेल्या उंदरांच्या मेंदूत ठिणग्या विझवणारी विकरं कमी झाली आणि चरबी खवट होण्याचं प्रमाण वाढलं. रिस्पेरिडोन, ओलांझापीन, क्लोझापीन या नव्या पिढीच्या औषधांनी त्याच मुदतीत तसं झालं नाही. बाळकाकाला १९८४ पासून हॅलोपेरिडॉल होतं. हात थरथरायचे, चेहरा लाकडासारखा व्हायचा, सही करताना बँकेच्या फॉर्मवर पेन दोनदा उमटायचं. थरथर कमी करायला दुसरी गोळी, तिने तोंड कोरडं. हे मी लपवणार नाही. त्या औषधांनी त्रास होतो आणि तो रुग्णाला होतो, आपल्याला नाही.

पण उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा. उंदराला आजार नसतो, नुसतं औषध असतं. माणसात आजार आणि औषध दोन्ही असतात. तेव्हा रुग्णांचं काय होतं? २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तोपर्यंतचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांच्या रक्तातली एकूण अँटिऑक्सिडंट ताकद कमी होती. आजार उसळलेला असताना अँटिसायकोटिक औषधं सुरू केल्यावर ती वाढली. कॅटलेजचंही साधारण तसंच: पहिल्या झटक्यात कमी, उपचारांनी वर. सुपरऑक्साइड डिसम्युटेज मात्र औषधांनी स्थिर झालेल्या रुग्णांतही कमीच राहिलं. म्हणजे काही खाती औषधांनी सुधारतात, काही तशीच राहतात. हा ताळेबंद मिश्र आहे. पण "गोळ्यांनी गंज चढतो, बंद करा" असा निकाल त्यातून कुठल्याही ऑडिटरला काढता येणार नाही.

आणि बंद केल्यावर काय होतं, त्याचे आकडे मात्र मुळीच मिश्र नाहीत. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. स्थिर झालेल्या रुग्णांपैकी ज्यांचं औषध चालू ठेवलं त्यांच्यातल्या २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. ज्यांना नकली गोळी दिली त्यांच्यात हे प्रमाण ६४ टक्के. फिनलंडमध्ये प्रत्येक नागरिकाची औषधांची नोंद सरकारी वहीत असते. तिथे ६२ हजारांहून अधिक रुग्णांवर वीस वर्षांपर्यंत नजर ठेवली. औषध न घेण्याच्या काळातला मृत्यूंचा हिशोब ४६ टक्क्यांवर गेला, कुठलंही अँटिसायकोटिक घेण्याच्या काळातला २६ टक्क्यांच्या आसपास, आणि क्लोझापीनचा १६ टक्क्यांच्या आसपास. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. यात एक मेख आहे, ती सांगायला हवी. गोळ्या सोडणारी माणसं इतर बाबतींतही स्वतःची हेळसांड करत असतील, त्यामुळे सगळं श्रेय गोळीला देता येत नाही. पण गोळ्या शरीर पोखरून माणूस लवकर मारतात, असं असतं तर आकडे उलटे दिसायला हवे होते.

आमच्या घरचा आकडा एकच आहे. १९९१ साली एका गृहस्थांनी बाळकाकाला सांगितलं की या गोळ्यांनी मेंदू सडतो. त्याने स्वतःहून गोळ्या सोडल्या, रोज सकाळी त्या संडासात टाकायचा. पाच महिने छान गेले. चेहरा उजळला, थरथर गेली, आई म्हणायला लागली की बरा झाला माझा मुलगा. सहाव्या महिन्यात तो घरातून नाहीसा झाला आणि तीन दिवसांनी मनमाड स्टेशनवर सापडला. पायात चप्पल नव्हती. रेल्वेतले लोक आपला पाठलाग करताहेत म्हणून त्याने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्यानंतर पूर्वीच्या जागी परत यायला दोन वर्षं लागली, आणि पोस्टातली नोकरी गेली ती गेलीच. ते पहिले पाच महिने चांगले जातात ना, तेच फसवतात. गोळी बंद केल्याचा हप्ता लगेच भरावा लागत नाही, म्हणून कर्ज फिटलं असं वाटतं.

आता कॅप्सूलकडे येऊ. गंज आहे हे मान्य, तर गंजरोधक का देऊ नये? प्रश्न रास्त आहे आणि तो आजचा नाही. कॅनडात सस्कॅचेवान नावाचा प्रांत आहे, गव्हाचा प्रदेश. तिथे १९५०च्या दशकात ऑस्मंड आणि हॉफर या दोन डॉक्टरांना वाटलं की ॲड्रिनॅलिनचं शरीरात ऑक्सिडीकरण होऊन ॲड्रिनोक्रोम नावाचं द्रव्य बनतं आणि तेच माणसाला भ्रम करतं. ॲड्रिनॅलिनचं द्रावण हवेत ठेवलं की गुलाबी होतं, तो रंग ॲड्रिनोक्रोमचा. कल्पना काय सुंदर! त्यावर उपाय म्हणून त्यांनी बी-३ आणि सी जीवनसत्त्वांचे भले मोठे डोस सुरू केले. सुरुवातीचे निकाल त्यांना आशादायक वाटले. पण १९७०च्या दशकात कॅनडातच नीट तुलना करून चाचण्या घेतल्या तेव्हा बी-३चा फायदा दिसला नाही. म्हणजे आपल्या हॉलमध्ये आलेला डबा नवा असेल, कल्पना माझ्या वयाची आहे.

पुढे प्रयत्न झाले ते जास्त जबाबदारीने झाले, आणि त्यातला एक आपल्या पुण्यातला आहे. डॉ. प्रभाकर रांजेकर आणि त्यांचे सहकारी, शिवाय अमेरिकेतले महाडिक, यांनी मिळून ३३ रुग्णांना चार महिने सकाळ-संध्याकाळ माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं आणि ई व सी जीवनसत्त्वं दिली. २००३ साली त्यांनी लिहिलं की रुग्णांची लक्षणं कमी झाली. मराठी माणूस म्हणून मला हे वाचून आनंद झाला, पण बँकेतला माणूस म्हणून दोन गोष्टी खुणावल्या. प्रयोग लहान होता, आणि नकली गोळीशी तुलना नव्हती. आणि ही पूरक गोष्ट होती, अँटिसायकोटिकच्या जागी दिलेली नव्हती.

त्याहून भक्कम चाचणी ऑस्ट्रेलियातली. एन-ॲसिटिल सिस्टीन हे औषध पॅरासिटामॉलची विषबाधा झालेल्यांना देतात, कफ पातळ करायलाही देतात. त्यातून शरीराला ग्लुटाथिओन बनवायचा कच्चा माल मिळतो. मायकेल बर्क यांच्या गटाने १४० रुग्णांना २४ आठवडे, नेहमीच्या औषधांसोबत, रोज दोन ग्रॅम हे औषध किंवा नकली गोळी दिली. औषधवाल्यांची तब्येत माफक सुधारली, विशेषतः ती दुसरी बाजू, उत्साह आटण्याची. हे २००८ सालचं. नंतरच्या चाचण्यांत काहींत थोडा फायदा दिसला, काहींत दिसला नाही. ई जीवनसत्त्वाचंही तसंच. जुन्या औषधांनी काही जणांना तोंडाच्या, जिभेच्या नकळत हालचाली सुरू होतात. त्यावर ई चालेल अशी मोठी आशा होती. अमेरिकेत माजी सैनिकांच्या इस्पितळांत मोठ्या डोसने दोन वर्षांपर्यंत देऊन पाहिलं, १९९९ साली निकाल आला: उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर, यातलं काही डॉक्टरांनी स्वतःहून, चालू औषधांच्या जोडीला सुचवलं तर जरूर घ्यावं. स्वतःच्या मनाने घेऊ नये. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि आपल्यापैकी निम्मे लोक रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात.

आता ज्याला फारसं कुणी गंज म्हणत नाही तो गंज. नव्या पिढीच्या औषधांनी थरथर कमी केली, पण त्यातल्या काहींनी, ओलांझापीन आणि क्लोझापीनने विशेष, भूक आणि वजन वाढतं. बाळकाका ६२ किलोचा ८४ किलोचा झाला. पोटाची चरबी, वाढलेली साखर, तंबाखू, यांतली प्रत्येक गोष्ट शरीरात ठिणग्या उडवते. या आजाराची माणसं लवकर जातात त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. म्हणजे बेचाळीसशेच्या डब्यात जे शोधतोय ते खरं म्हणजे टेपने कंबर मोजण्यात आहे. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल होतं. मी त्याची वही ठेवली आहे, डबल एंट्री नाही, साधीच. संध्याकाळी आम्ही दोघं आपल्या आवाराला दहा फेऱ्या मारतो. तुम्ही ज्याला "दोघा भावांची परेड" म्हणता ती हीच. चहात साखर अर्धा चमचा. वजन ७३ वर आलंय. दीड वर्ष लागलं.

सिगारेट-बिडीबद्दल एक गोष्ट बऱ्याच घरांना माहीत नसते. धुरातल्या द्रव्यांमुळे यकृत ओलांझापीन आणि क्लोझापीन भराभर मोडून टाकतं. त्यामुळे बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. त्याने एकदम बिडी सोडली, किंवा इस्पितळात दाखल होऊन ती सुटली, की तोच डोस अंगात जास्त साठतो. माणूस गुंगतो, तोल जातो. म्हणून बिडी सोडताना डॉक्टरांना कळवायचं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. तंबाखू मळून खाणाऱ्याला हा हिशोब लागू नाही, त्याच्यासाठी कर्करोगाचा वेगळा हिशोब आहे. क्लोझापीन घेणाऱ्यांची आणखी दोन पथ्यं. पांढऱ्या पेशींची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर ठरवून दिलेल्या अंतराने चुकवायची नाही, कारण क्वचित कुणाच्या त्या पेशी धोकादायक कमी होतात. १९७५ साली फिनलंडमध्ये त्याने मृत्यू झाले आणि औषध बरीच वर्षं मागे पडलं. दुसरं म्हणजे बद्धकोष्ठ. त्यावर हसू नका, या औषधात ते जिवावर बेतू शकतं.

पैशाचं थोडं, कारण ते मला येतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांवर बंधन घातलंय की शारीरिक आजारांना जसं संरक्षण देता तसं मानसिक आजारांनाही द्या. तुमच्या पॉलिसीत हा आजार सरसकट वगळलेला दिसला तर गप्प बसू नका, लेखी तक्रार करा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मानसिक आजारालाही मिळतं. चाळीस टक्के असेल तर सांभाळणाऱ्याला जुन्या करपद्धतीत पंचाहत्तर हजारांची वजावट मिळते. आणि मध्यरात्री कुणाशी बोलायचं हा प्रश्न पडला तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर. मराठीतही बोलतात. लिफ्टशेजारच्या फलकावर तो क्रमांक लावावा अशी कार्यकारिणीला विनंती.

शेजाऱ्यांकडून काय हवं, असं जोशीकाकूंनी मघाशी विचारलं. "अजून गोळ्या चालूच का?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. मधुमेहाच्या माणसाला आपण "अजून इन्सुलिन चालूच का?" असं वर्षानुवर्षं विचारत नाही. बाळकाकाला हा प्रश्न लिफ्टमध्ये आठवड्यातून एकदा तरी येतो. त्याऐवजी क्रिकेटचा स्कोअर विचारा, तो तुम्हाला १९७१च्या दौऱ्यापासून सांगेल.

भाषणानंतर प्रश्न आले त्यातले दोन इथे देतो. एकाने विचारलं, हळद अँटिऑक्सिडंट आहे ना, मग दूध-हळद द्यावी का? द्या की. घरची हळद आमटी-भाजीत जाते तेवढी सगळ्यांनाच चांगली. हळदीच्या अर्काच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

दुसरा प्रश्न ए विंगमधल्या एका आईचा, आणि तो सगळ्यात अवघड होता. मुलाला वर्षभरापूर्वी पहिला झटका आला, आता तो बरा आहे, गोळ्या कधी सुटणार? मी तिला सांगितलं ते असं. पहिल्याच झटक्यानंतर, बराच काळ नीट गेला तर काही डॉक्टर डोस अगदी सावकाश उतरवून पाहतात, काही मुलांना ते जमतं, सगळ्यांना नाही. ते ठरवायचं ते डॉक्टरांनी, मुलाला समोर बसवून. उतरवताना घरातल्या कुणीतरी झोप, जेवण आणि बोलणं यांची रोजची नोंद ठेवावी, कारण आजार परत येताना बहुतेक वेळा आधी झोपेवर येतो. बाळकाकाचा डोस आमच्या डॉक्टरांनी गेल्या दीड वर्षात पाव-पाव करत जवळजवळ निम्म्यावर आणलाय. पूर्ण बंद होईल असं ते म्हणत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. ती आई म्हणाली, वही कशी ठेवायची ते दाखवाल का? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आणि तिचा मुलगा आमच्याकडे आले. वहीत रकाने बाळकाकानेच आखून दिले.